जुन्या गाडीचा रंग आणि गंज उतरवताना पत्रा कसा वाचवायचा

गंजलेल्या लोखंडावरून लेझरचा झोत फिरतो आणि मागे लख्ख करडा पत्रा उरतो, अशा चित्रफिती सध्या मोबाईलवर सर्रास पाहायला मिळतात. ज्यांच्या अंगणात वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातली फियाट, पद्मिनी किंवा अॅम्बॅसेडर उभी आहे, त्यांना त्या पाहून साहजिकच प्रश्न पडतो की हेच काम आपला डेंटर आठवडेच्या आठवडे का करत बसतो. या प्रश्नाला आणखी एक निमित्त आहे. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची क्रमांक-मालिका सुरू केली. फियाटला मिळालेले पद्मिनी हे नाव १९७४ सालचे आहे, त्यामुळे त्या नावाच्या पहिल्या गाड्या आता या मर्यादेत येऊ लागल्या आहेत. त्याआधीची फियाट ११०० डिलाईट तर केव्हाच आली आहे. या गाड्या बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली आमच्या सोलापुरातच झाला, म्हणून या गाडीविषयी सोलापूरकरांना जरा जास्त आपुलकी वाटली तर नवल नाही.

व्हिंटेज नोंदणीची अट अशी आहे की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे कारखान्यातून गाडीबरोबर आलेला पत्रा हीच तिची खरी पुंजी. रंग आणि गंज उतरवण्याच्या ज्या अनेक पद्धती आहेत, त्या सगळ्या माझ्या मते एकाच कसोटीवर पारखायला हव्यात: काम संपल्यावर मूळ पत्रा किती शिल्लक राहिला आणि तो किती सरळ राहिला. पद्धत पूर्ण गाडीसाठी एकच निवडायची नसते, ती भागागणिक बदलते. हे का, ते समजण्यासाठी आधी गंज समजून घ्यावा लागतो.

गंज धरतो म्हणजे काय होते

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू एकाच वेळी मिळाले की लोखंडाचे ऑक्साईड तयार होते, तोच गंज. पत्र्यावरच्या ओल्या डागात एका जागी लोखंड विरघळत असते आणि शेजारच्याच जागी प्राणवायूची क्रिया चालू असते, आणि या दोन जागांमध्ये अगदी क्षीण वीज वाहत असते. पाण्यात मीठ असेल तर ही वीज सहज वाहते आणि गंज झपाट्याने वाढतो. समुद्रकाठची गाडी लवकर खराब होते, त्याचे कारण हेच.

अॅल्युमिनियमवरही ऑक्साईड चढते, परंतु तो थर घट्ट असतो आणि खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज तसा नसतो. तो सच्छिद्र असतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे फुगतो, पोपडे धरून सुटतो आणि खालचे ताजे लोखंड उघडे पाडतो. दाराच्या खालच्या कडेला रंगाचा जो फोड दिसतो, तो फुगलेल्या गंजाने आतून ढकललेला असतो, आणि बहुतेक वेळा फोडाच्या आकारापेक्षा खालची खराबी मोठी निघते. अशा जागेवर नुसता रंग मारणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर चुना फासण्यासारखे आहे.

आता पत्र्याकडे पाहू. जुन्या गाड्यांचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो आणि त्यावर जस्ताचा थर नसतो. शिवाय फियाट-पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ पट्टे, खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. त्यामुळे गंज उतरवताना खालच्या पट्ट्याची जाडी निम्मी झाली, तर ती गाडीच्या ताकदीतली घट असते. या विचाराने गंजाच्या तीन अवस्था ओळखाव्यात: वरवरचा तांबूस गंज, ज्याच्या खाली पत्रा शाबूत असतो, खड्ड्यांचा गंज, ज्यात पत्र्यावर काळपट ठिपके खोल गेलेले असतात, आणि आरपार गंज, जिथे वाचवण्यासारखे काही उरलेले नसते आणि तेवढा तुकडा कापून नवा पत्रा जोडणे हाच उपाय असतो.

सोलापूर कोरडे आहे, मग गंज येतो कुठून

हा आक्षेप रास्त आहे. सोलापूर पर्जन्यछायेत येते आणि समुद्रापासून दूर आहे, त्यामुळे इथेच नांदलेल्या गाडीचे छत आणि बॉनेट पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतके चांगले निघतात. परंतु गंजाला पाऊस लागत नाही, साचलेली ओल पुरते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. मडगार्डच्या आतल्या वळचणीत बसलेला या मातीचा थर पावसाळा संपल्यानंतरही बराच काळ दमट राहतो, आणि त्याला लागून असलेला पत्रा आतून खाल्ला जातो. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके असतात. ती मातीने बुजली की काचेवरून आत उतरलेले पाणी दारातच राहते. पायाखालच्या रबरी मॅटच्या आणि नमद्याच्या खाली धुलाईचे पाणी मुरते. याशिवाय इथे आलेल्या अनेक जुन्या गाड्यांचे पहिले आयुष्य मुंबईत गेलेले असते, आणि तिथला गंज त्या पोटात घेऊनच आलेल्या असतात.

हत्यार हातात घेण्यापूर्वी

आधी गाडी साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, मेण आणि पॉलिश काढणाऱ्या द्रावणाने पुसून घ्यावी. हे टाळून थेट घासायला घेतले, तर जुन्या पॉलिशमधले सिलिकॉन घासण्याबरोबर पत्र्यावर पसरते आणि नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

मग लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून सावकाश फिरवावे. पत्रा असेल तिथे ते ओढ घेते. जिथे पुट्टीचा, म्हणजे ज्याला आपले पेंटर लांबी म्हणतात तिचा, जाड थर आहे तिथे ओढ कमी होते किंवा नाहीशी होते. पुट्टी ओलावा शोषून घेते, त्यामुळे तिच्याखाली गंज असण्याची शक्यता धरूनच चालावे. खालच्या पट्ट्यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून पाहावे. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा भद्द आवाज देतो.

यानंतरची एक चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते. एखाद्या न दिसणाऱ्या जागी रुपयाएवढा भाग पॉलिश पेपरने तिरका घासत न्यावा. एकात एक अशी रंगांची कडी उमटतात: बाहेर अलीकडचा रंग, त्याच्या आत त्याआधीचा, मग राखाडी किंवा तांबडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, कुठे पुट्टीची पिवळसर पट्टी, आणि मधोमध पत्रा. किती थर काढायचे आहेत आणि कारखान्याचा मूळ रंग कोणता होता, हे त्या एका ठिपक्यात कळते. जर सगळ्यात खालचा थर घट्ट असेल आणि त्याखाली गंज नसेल, तर तो उतरवण्याची गरजच नसते. छताचा रंग निघत नाही, फुगलेला नाही, तडकलेला नाही, अशा स्थितीत फक्त वरचे सैल थर घासून त्यावर काम करणे हे आळशीपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

शेवटची आणि विसरू नये अशी गोष्ट म्हणजे चासी क्रमांक. तो जिथे कोरलेला आहे तिथे ग्राइंडर, ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने कण मारणे) किंवा तीव्र रसायन लावू नये. क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र काढून ती जागा जाड टेपने झाकावी. पुसट झालेला क्रमांक आरटीओच्या तपासणीत फार मोठी अडचण निर्माण करतो, आणि व्हिंटेज नोंदणीत तर ओळख हाच सगळ्याचा पाया आहे.

हाताने घासणे आणि ग्राइंडर

पॉलिश पेपर आणि गोल फिरता-फिरता थरथरणारे सॅन्डर ही सर्वांत संथ आणि सर्वांत कमी धोक्याची जोडी आहे. रंग उतरवायला ८० नंबर, नंतर ओरखडे कमी करायला १२० आणि १८०, असा क्रम सहसा चालतो. छत, बॉनेट, दाराचे बाहेरचे पत्रे अशा मोठ्या आणि सपाट भागांसाठी मी हीच पद्धत सुचवेन.

ग्राइंडरचे तसे नाही. त्याच्या चकतीखाली एकाच जागी उष्णता वाढते, पत्रा फुगून लाटांसारखा होतो आणि गंजाबरोबर चांगले लोखंडही जाते. तारेचा ब्रश लावला तर लोखंड कमी जाते, परंतु वेगळाच घोटाळा होतो: खड्ड्यांतला गंज निघण्याऐवजी वरून घोटला जाऊन चकाकतो. पत्रा स्वच्छ झाल्यासारखा दिसतो आणि काळे ठिपके तसेच राहतात. ते पाहायचे असतील तर उन्हात पत्र्याजवळ डोळा नेऊन तिरके पाहावे. शिवाय या ब्रशच्या तारा तुटून सुईसारख्या उडतात, म्हणून पूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवी. साधा चष्मा पुरत नाही.

घासण्यातला मोठा धोका धुळीचा आहे. जुन्या रंगांत शिसे असू शकते. आपल्याकडे शिशाची ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली, आणि तीही घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी. जुन्या गाड्यांच्या काही जोडांत तर शिसेच वितळवून भरलेले असते. त्यामुळे शक्य तिथे पाणी घालून ओले घासावे, बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क वापरावा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

रसायनाने रंग सोलणे

पेंट रिमूव्हर हे जेलीसारखे द्रावण ब्रशने जाड थापले की रंग फुगून सुरकुततो आणि पट्टीने खरवडून निघतो. यात पत्र्याला उष्णता लागत नाही, घर्षण होत नाही, आणि कलाकुसरीच्या कडा शाबूत राहतात. रंगाचे पाच-सहा थर चढलेल्या गाडीसाठी ही पद्धत खरोखर उपयोगी आहे. मात्र ते फक्त रंग काढते. गंज जागच्या जागी राहतो.

यातल्या अनेक द्रावणांत मिथिलीन क्लोराईड असते, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. हा द्रव साधारण ४० अंश सेल्सिअसला उकळतो. सोलापूरचा एप्रिल-मे लक्षात घेतला, तर इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो डब्यातून ओतताच वाफ होऊ लागतो. ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते, नेमकी तिथे, जिथे माणूस वाकून किंवा गाडीच्या आत बसून काम करत असतो. शरीरात गेल्यावर तिचे काही अंशी कार्बन मोनॉक्साईड बनते. बंद जागेत अशा कामात माणसे दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना हे रिमूव्हर विकण्यावर बंदी घातली आणि २०२४ मध्ये इतरही बहुतेक वापरांवर. कापडी रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क ही वाफ अजिबात अडवत नाही. मोकळी हवा, हातात रसायन अडवणारे मोजे आणि सकाळची थंड वेळ, एवढे नसेल तर हे काम करू नये आणि पैसे देऊन कोणाकडून करवूनही घेऊ नये. बेन्झिल अल्कोहोलवर आधारलेली द्रावणे हळू काम करतात, परंतु ती तुलनेने कमी घातक आहेत.

सोलापुरातल्या डाईंगवाल्यांना कॉस्टिक सोडा परिचित आहे, आणि कॉस्टिकचे गरम पाणी लोखंडावरचा रंग खरोखर सोलते. तरीही पूर्ण दार त्यात बुडवण्याचा सल्ला मी देणार नाही. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो. त्या दुमडीत शिरलेले कॉस्टिक कितीही धुतले तरी थोडे राहतेच आणि काही महिन्यांनी नव्या रंगाखालून पाझरू लागते. अॅल्युमिनियमची पट्टी किंवा सुटा भाग चुकून त्यात गेला तर तो विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो. परदेशांत पूर्ण बॉडी टाकीत बुडवणारे कारखाने आहेत, हे खरे; पण चांगल्या कारखान्यात त्यानंतर ती बॉडी प्रायमरच्या टाकीतही बुडवली जाते, म्हणून दुमडीच्या आतही संरक्षण पोहोचते. पहिली टाकी आहे आणि दुसरी नाही, अशा स्थितीत बुडवणे धोक्याचे आहे.

सॅन्डब्लास्टिंग: उपयोग आणि नुकसान

दाबाच्या हवेने कण मारून गंज उडवण्याची ही पद्धत खड्ड्यांच्या तळापर्यंत पोहोचते, जे हात किंवा ब्रश करू शकत नाही. जीपची चासी, चाके, सस्पेन्शनचे जाड भाग यांसाठी तिच्याइतकी चांगली दुसरी पद्धत नाही. पण बॉनेटवर तीच चालवली तर पत्रा पोटासारखा फुगतो आणि मग कुठलाही डेंटर तो पूर्ण सरळ करू शकत नाही. पुष्कळांना वाटते की हे उष्णतेमुळे होते. खरे मोठे कारण असे की प्रत्येक कण पत्र्यावर हातोडीचा सूक्ष्म घाव घालतो, त्यामुळे पत्र्याची एकच बाजू ताणली जाते आणि ताणलेली बाजू बाहेर फुगते. म्हणून बाहेरच्या पत्र्यावर वापरायचेच असेल तर कमी दाब, बारीक कण, तिरका झोत आणि जास्त अंतर ठेवावे, तेही फक्त गंजलेल्या जागेपुरते.

नावात सॅन्ड असले तरी नदीची वाळू यासाठी वापरू नये. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. गार्नेट या कठीण खनिजाचे कण किंवा काचेचे मणी हे पर्याय आहेत. काम एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये देताना कोणते कण वापरणार आणि काम करणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारे शिरस्त्राण आहे का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो बजावावा. खाण्याच्या सोड्याने ब्लास्टिंग केले तर रंग हळुवार निघतो, पण गंज निघत नाही, आणि उरलेला सोडा नीट धुतला नाही तर प्रायमर धरत नाही.

मग लेझर का नको

लेझर खोटा नाही. त्याचा झोत रंग किंवा गंज क्षणार्धात तापवून वाफ करतो आणि खालचा पत्रा बराच शाबूत राहतो. परंतु यंत्र महाग आहे, खोल खड्ड्यांत आणि जाड पुट्टीवर तो मंद पडतो, दुमडीच्या आत पोहोचत नाही, डोळ्यांना विशेष चष्मा लागतो आणि रंग जळताना निघणारा धूर ओढून घेण्याची सोय लागते. चित्रफितीत हातभर सपाट पट्टी दिसते. पद्मिनीच्या दाराची आतली बाजू दिसत नाही.

सुटे भाग: वीज आणि मळी

बिजागऱ्या, कंस, नट-बोल्ट यांसाठी घरीही करता येण्याजोगी पद्धत विजेची आहे. प्लास्टिकच्या बादलीभर पाण्यात तीन-चार चमचे धुण्याचा सोडा विरघळवून, १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी सळईला जोडतात. गंज सुटतो आणि चांगले लोखंड जात नाही. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातल्या क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. हायड्रोजन सुटत असल्याने हे काम उघड्यावर करावे, जवळ ठिणगी नसावी, आणि भाग हाताळण्याआधी चार्जर बंद करावा.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात आणखी एक जुनी युक्ती सांगण्यासारखी आहे. मळीच्या एका भागात पाण्याचे नऊ-दहा भाग मिसळून त्यात लोखंडी भाग काही आठवडे बुडवला, तर गंज विरघळतो. वास येतो, वेळ लागतो, आणि मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असल्याने ती रीतसर मिळवावी लागते. अॅल्युमिनियमचे आणि जस्त चढवलेले भाग यात टाकू नयेत. लोखंडी स्प्रिंग आणि कठीण बोल्ट मात्र तीव्र आम्लात कधीच बुडवू नयेत. लोखंडात शिरलेल्या हायड्रोजनने ते ठिसूळ होऊन पुढे तुटू शकतात.

गंज काढण्याऐवजी कन्व्हर्टर मारला तर

कन्व्हर्टर म्हणजे गंजाला स्थिर संयुगात बदलणारे द्रावण. फॉस्फरिक आम्ल असेल तर लोखंडाचे फॉस्फेट बनते, टॅनिक आम्ल असेल तर काळे टॅनेट बनते. ते जेवढे भिजवते तेवढ्याच गंजावर काम करते. सैल पोपड्यांच्या जाड थरावर मारले तर वरचा थर बदलतो आणि खालचा चालूच राहतो. आधी यांत्रिक पद्धतीने सगळा सैल गंज काढून, नंतर खड्ड्यांच्या तळाशी राहिलेल्या अंशासाठी ते वापरणे योग्य. उरलेले आम्ल डब्यावरच्या सूचनेप्रमाणे काढून टाकावे, नाहीतर त्यावर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे पाणी अडवणारे पक्के अस्तर, नीट बसत नाही.

उघडा पत्रा किती काळ थांबू शकतो

याचे उत्तर तासांत द्यावे लागते. उघड्या पत्र्यावर घामेजलेल्या हाताचा ठसाही दुसऱ्या दिवशी तांबडा दिसतो. म्हणून एका दिवसात जेवढ्या भागाला प्रायमर लागणार आहे, तेवढाच भाग उघडा करावा. पूर्ण गाडी उघडी करून रंगाच्या पैशांची वाट पाहत ठेवणे, हा मी पाहिलेला सर्वांत खर्चिक प्रकार आहे. कामाचा काळही निवडता येतो. सोलापुरात दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचे दिवस कोरडे आणि सौम्य असतात; उन्हाळ्यात थिनर पत्र्यावर पोहोचेपर्यंतच उडू लागतो, आणि पावसाळ्यात पत्रा तासाभरात रंग बदलतो.

धुण्याच्या पाण्याकडेही लक्ष हवे. बोअरचे क्षारयुक्त पाणी वाळले की पत्र्यावर क्षार राहतात, प्रायमरच्या खालून ते ओलावा ओढतात आणि वर्षभरात बारीक फोड येतात. शेवटचे खळाळून धुणे आरओच्या पाण्याने करावे, लगेच वाळवावे, मग एका स्वच्छ कापडाने सुरुवातीचेच मेण काढणारे द्रावण लावून ते उडण्याआधी दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसावे.

त्यावर इपॉक्सी प्रायमर लावावा. स्वस्त म्हणून वापरला जाणारा साधा रेड ऑक्साईड प्रायमर पाण्याला इपॉक्सीइतका अडवत नाही. नुसता तोच मारून गाडी दिवसेंदिवस उघड्यावर ठेवली तर खाली गंज परत सुरू होतो. इपॉक्सी सुकल्यावरच पुट्टी, तीही पातळ. जोडांच्या रेघांत सीलर भरावा, दारांच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या पोकळीत मेणासारखे संरक्षक द्रावण नळीने फवारावे, आणि हे करताना तळाची भोके बुजली असतील तर ती तारेने मोकळी करून घ्यावीत.